एक हात खिशात

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गणपतीच्या आरतीला सगळे टाळ्या वाजवतात आणि ट्यूबकाका उजव्या हातानं स्वतःच्या मांडीवर थापा मारतात. डावा हात पँटच्या खिशात. एका हातानं टाळी वाजत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. पण चाळीस वर्षं उघड्या टीव्हीत हात घालणाऱ्या माणसाचा डावा हात खिशाबाहेर सहजी निघत नाही. दोन्ही हात सेटमध्ये असले आणि एक चुकून गरम जागी लागला, दुसरा चासीला, तर करंट या हातातून शिरून त्या हातातून निघतो, आणि वाटेत छाती लागते. म्हणून एक हात खिशात. हा नियम कोर्सच्या पहिल्या दिवशी मास्तरांनी टीव्हीपुरता शिकवला होता. काकांनी तो जन्माला लावून घेतला. मुलीच्या लग्नात व्याह्यांना नमस्कारही त्यांनी एकाच हातानं केला. व्याही मंडळी अजून त्याचा अर्थ लावताहेत.

काका निवृत्त होईपर्यंत बँकेत कॅशियर होते. नोट उजेडापुढे धरायची, खरी की खोटी बघायची, पुढची घ्यायची. १५ ऑगस्ट १९८२ला दूरदर्शनवर रंग आला, त्याच नोव्हेंबरात दिल्लीला एशियाड भरलं, आणि बघता बघता आळीआळीत रंगीत सेट दिसू लागले. त्यांच्या पोटात काय असतं हे कळणारी माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. तेव्हा काकांनी बँक सुटल्यावर दादरला टीव्ही दुरुस्तीचा संध्याकाळचा कोर्स लावला. हेतू वरकमाईचा होता, असं काकू सांगतात. "वर बघा, माळ्यावर आहे ती कमाई," असंही त्याच सांगतात.

घर साडेचारशे चौरस फुटांचं. त्यात माणसं दोन आणि टीव्ही तेवीस. हॉलच्या लांब भिंतीला तळात लाकडी शटरवाले, त्यांच्यावर वीस-एकवीस इंची, आणि सगळ्यात वर चौदा इंची पोर्टेबल. डायनोरा, वेस्टन, क्राउन, सोलिडेअर, टेक्सला, अपट्रॉन. आमच्या पिढीनं वर्तमानपत्राच्या जाहिरातीत वाचलेली सगळी नावं तिथं एकमेकांच्या डोक्यावर बसलेली. शिंगवाल्या सैतानाची जाहिरात करणारा ऑनिडाही आहे. पाहुणा आला की त्याची पंचाईत होते, कारण कुठंही तोंड करून बसलं तरी समोर टीव्हीच, आणि एकही लागलेला नाही. तेवीस टीव्हींच्या त्या घरात काकू आपली मालिका मोबाइलवर बघतात.

काका मालिका बघत नाहीत. बातम्या नाहीत, क्रिकेटही नाही. ते फक्त पट्टे बघतात. पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, जांभळा, लाल, निळा, काळा, असे आठ उभे पट्टे पडद्यावर टाकणारी एक डबी त्यांच्याकडे आहे. सेट दुरुस्त झाला की ती जोडायची आणि खुर्ची टाकून समोर बसायचं. अर्धा-पाऊण तास. मधूनच उठून मागच्या बाजूनं स्क्रू ड्रायव्हर केसभर फिरवायचा आणि परत येऊन बसायचं. पिवळ्याला हिरवट झाक असली तर त्यांना जेवण जात नाही. पट्टे मनासारखे लागले की एखाद्या बाईचा चेहरा पडद्यावर आणायचा आणि गालाचा रंग बघायचा. इथं ते कॅशियरचे डोळे वापरतात. गाल पास झाला की सेट बंद. बाई काय बोलत होती ते त्यांनी कधी ऐकलेलं नाही.

गालाच्या रंगावर त्यांचं एक भाषण आहे, ते नव्या माणसाला ऐकावंच लागतं. पहिल्या दहा वर्षांत या देशात एकाही घरानं रंगाचं बटन ठिकाणावर ठेवलं नाही, असं त्यांचं म्हणणं. पैसे रंगाचे मोजलेत, तर रंग पुरता वसूल झाला पाहिजे, म्हणून बटन शेवटपर्यंत पिळलेलं. त्यामुळं सातच्या बातम्या सांगणारी सभ्य माणसं घरोघरी शेंदूर फासलेल्या मारुतीसारखी दिसायची आणि कोणाची काही तक्रार नसायची. "आणि त्याच्या आधी काय करायचे माहीत आहे ना? काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर प्लास्टिकची रंगीत काच लावायचे. वर निळी, मधे केशरी, खाली हिरवी. माणसाचं डोकं निळं, पाय हिरवे. त्यालाही रंगीत म्हणायचे!" हे सांगताना काका उजवा हात कपाळावर मारतात. आमच्या घरी ती काच होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

या माणसाला जुन्याचं वेड आहे अशी तुमची समजूत होत असेल, तर ती आत्ताच काढून टाका. 'जुनं ते सोनं' म्हणणारा माणूस काकांना दारातही सहन होत नाही. मधे एक गृहस्थ आले. मुलुंडला फ्लॅट रिकामा करताना वडिलांचा सेट निघाला म्हणाले. डोळ्यांत पाणी. "यावरच रामायण बघायचो हो काका. रविवारी सकाळी अख्खी चाळ आमच्याकडे."

"किती जण?"

"पन्नास तरी."

"उन्हाळ्यात दारं-खिडक्या बंद करून?"

"हो ना, उजेड यायचा पडद्यावर."

"म्हणजे पन्नास माणसांची वाफ आत गेलीय. तरीच चासी गंजली. मागच्या बाजूचा कागद आहे का?"

कागद म्हणजे सर्किट डायग्राम. त्या काळी बऱ्याच सेटबरोबर ती घडी घालून मिळायची. लोक गॅरंटी कार्ड जपायचे आणि ती टाकून द्यायचे. आठवणी घेऊन येणाऱ्याला काका दारातच विचारतात, "कागद आणलाय?" नसला तर पाणीसुद्धा जरा उशिरा मिळतं.

त्या सेटचं पाठचं झाकण उघडलं तेव्हा मी हजर होतो. आत बोटभर धूळ, एक वाळकी पाल, झाकणाच्या फटींतून कुणा पोरानं आत टाकलेली दहा पैशांची तीन नाणी. आणि स्पीकरच्या जाळीत अक्षता. सदतीस-अडतीस वर्षांपूर्वीच्या, अजून कुंकवानं लाल. २५ जानेवारी १९८७ला रामायण सुरू झालं, तेव्हा कितीतरी घरांत टीव्हीला हार घालून पूजा व्हायची. काकांनी ब्रशनं सगळी धूळ काढली, पाल चिमट्यानं उचलली, नाणी काकूंना दिली. अक्षता राहू दिल्या. मी बघतोय हे दिसल्यावर म्हणाले, "तांदूळ आहे. करंट वाहत नाही त्यातून."

भंगारवाल्याशी त्यांचा तह आहे. हा तह लढाईनंतर झाला. टीव्ही मिळाला की भंगारवाला पहिल्यांदा ट्यूबची मान मोडतो. आत पोकळी असते, ती हवा शिरून गेली की काच फुटायची भीती राहत नाही. मग मानेभोवतीच्या योकमधली आणि ट्यूबच्या कडेनं गुंडाळलेल्या कॉइलमधली तांब्याची तार ओढून काढायची. काच कोणी घेत नाही. तिच्यात शिसं असतं. मान मोडलेली ट्यूब बघितली की काका कुणी गेल्यासारखे उभे राहतात. नवी रंगीत ट्यूब आता बाजारात मिळत नाही. जी मोडली ती मोडली. शेवटी ठरलं असं की, मान शाबूत असलेला सेट हातात आला की भंगारवाल्यानं मिस्ड कॉल द्यायचा, आणि काकांनी आतल्या तांब्याच्या भावानं पैसे मोजून सेट अख्खा उचलायचा. भंगारवाल्याच्या मोबाइलमध्ये काकांचा नंबर 'मान' या नावानं आहे.

मागच्या मार्चमध्ये माटुंग्याहून एक सेट आणायचा होता. टेम्पोवाल्यानं सांगितलेलं भाडं काकांना पटलं नाही. म्हणाले, लोकलनं आणू. एकवीस इंची सेट पंचवीस-तीस किलोचा भरतो, आणि जवळजवळ सगळं वजन पुढच्या काचेत असतं. म्हणून तो उचलताना काच छातीकडे घ्यायची, नाहीतर माणूस सेटच्या मागोमाग जातो. हे काकांनी मला नीट समजावून सांगितलं. तीस किलोचा सेट उचलायला दोन हात लागतात, आणि ते दोन्ही माझे होते.

आम्ही लगेजच्या डब्यात चढलो. दुपारची वेळ, रिकामे डबे घेऊन निघालेले डबेवाले, दोन-चार पाट्या, कोळणी. एका मावशींनी सेट बघितला.

"चालू हाय?"

"चालू असता तर टाकला असता का?" काका म्हणाले.

"मंग कशाला नेतंस?"

"चालू नाही म्हणून."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. मग त्या म्हणाल्या, "आमच्या घरला बी हाय असा. शटरवाला. आत कोंबडी बशिवलीय."

काकांचा उजवा हात दांडीवरून सुटला. "आणि ट्यूब?"

"काय ती?"

"काच. काच कुठं टाकली?"

"माळ्यावर असंल. काचंचं कोंबडीला काय काम?"

चार दिवसांनी काका दिवा स्टेशनला उतरून मावशींच्या घरून ती ट्यूब घेऊन आले. बदल्यात बाजारातून नवंकोरं लोखंडी खुराडं नेऊन दिलं. पेटी मात्र मिळाली नाही, कारण कोंबडी नव्या खुराड्यात जायला तयार नव्हती. ट्यूबवर पिसं चिकटलेली होती. मान शाबूत होती.

माटुंग्याच्या सेटचं काम आठवडाभर चाललं. सेट बंद करून वायर काढली तरी ट्यूब करंट धरून बसू शकते. काचेची ट्यूब हाच एक मोठा कंडेन्सर. चालू सेटमध्ये तिला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात. म्हणून आधी लांब स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून ती चासीला अडकवायची आणि ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली टोक सरकवायचं. टच्च! काका म्हणतात, "झोपली." एकदा न झोपवता हात घातला होता. तेव्हा त्यांचं कोपर मागच्या शोकेसवर आपटून तीन कप फुटले होते. "करंटनं काही केलं नाही रे, दचकलो मीच," असं ते सांगतात. कपांचा सेट लग्नातला होता, असं काकू सांगतात.

मग सिरीजचा दिवा. मेन लाइनच्या वाटेत शंभर वॅटचा जुना बल्ब टाकायचा आणि सेट चालू करायचा. बल्ब लखलखीत पेटला तर आत शॉर्ट आहे; एकदा भपकन पेटून मंद झाला तर पुढं जायला हरकत नाही. एलईडीचा दिवा या कामाला चालत नाही. तारेचे बल्ब दुकानातून जायला लागले तेव्हा काकांनी चार डझन घेऊन ठेवले आणि ते काकूंच्या साड्यांत गुंडाळून ठेवले आहेत. घरातल्या बाकीच्या दिव्यांसाठी विचाराल तर देत नाहीत.

शॉर्ट निघाला, कंडेन्सर बदलले, पायांचं सोल्डर पुन्हा मारलं. टीव्हीला थप्पड मारली की चित्र का यायचं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जड आणि तापणारे पार्ट रोज तापून-निवून पायाशी सोल्डरला गोल चीर पडते. धक्का बसला की चिरलेल्या कडा टेकतात आणि सेट शहाण्यासारखा चालतो. पुढच्या धक्क्यापर्यंत. माझ्या वडिलांनी आमच्या टीव्हीला जन्मभर जे मारलं, ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं.

यानंतर काकांनी चौथ्या मजल्यावरच्या पोराला हाक मारली. पोरगा चौथीत आहे, काका त्याला 'माझा कान' म्हणतात. आपल्याकडच्या चित्राला ६२५ ओळी, अशी चित्रं सेकंदाला २५. म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी ओढाव्या लागतात, आणि त्या ओढणारा ट्रान्सफॉर्मर त्याच पट्टीत बारीक शिटी वाजवतो. आपल्या पिढीतले सगळे ती लहानपणी ऐकायचे. घरात शिरतानाच कळायचं, टीव्ही लागलाय. वय वाढलं की वरच्या पट्टीचं ऐकू येत नाही. सत्तरीतल्या काकांना ती शिटी कधीच बंद झाली, मलाही झाली. पोरगा सेटसमोर मांडी घालून बसला. काकांनी बटन दाबलं.

"वाजतंय का रे?"

"नाही."

काकांनी काहीतरी फिरवलं. "आता?"

पोरानं कानांवर हात ठेवले. "वाजतंय! बंद करा!"

काकांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही बघितलं नव्हतं. पोराला श्रीखंडाची गोळी मिळाली. ट्यूबच्या मानेत तांबूस उजेड आला, आणि पडद्यावर मधोमध एक आडवी पांढरी रेघ. नुसती रेघ. मला वाटलं फसलं. काका म्हणाले, "व्हर्टिकल बसलंय, ते उद्या." दुसऱ्या दिवशी रेघ उघडून चित्र झालं, वर साडीच्या निऱ्या घातल्यासारख्या ओळी दुमडलेल्या. तिसऱ्या दिवशी निऱ्या सुटल्या. मग कोपऱ्यात जांभळा डाग दिसला. कोणीतरी मोठा स्पीकर वर्षानुवर्षं सेटला खेटून ठेवला असणार. चुंबकानं पडद्यामागची जाळी भारली जाते आणि रंग आपली जागा सोडतात.

यावर उपाय औक्षणाचा. थाळीएवढी तारेची कॉइल विजेला जोडून पडद्यापुढं गोल गोल ओवाळायची, आणि ओवाळता ओवाळता मागं मागं जायचं. सहा-सात फूट लांब गेल्यावरच बंद करायची, जवळ बंद केली तर होता तो डाग वाढतो. साडेचारशे फुटांच्या घरात सहा-सात फूट मागं म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. काकूंना ही वेळ बरोबर कळते. त्या न बोलता कढई बाजूला घेतात, काका पाठमोरे ओवाळत ओवाळत ओट्याला टेकतात, कॉइल बंद होते, कढई परत शेगडीवर येते. एकमेकांशी एक शब्द न बोलता हे चालतं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढा जुळलेला ताल मी दुसऱ्या कोणत्या घरात पाहिलेला नाही.

मधे एका सिनेमावाल्यांनी ऐंशीच्या काळातलं घर दाखवायला तीन सेट भाड्यानं मागितले. काका खुश. सेटवर गेल्यावर कळलं की टीव्ही बंदच ठेवायचे, चित्र नंतर कॉम्प्युटरवर चिकटवणार. काकांनी सेट उचलायला सुरुवात केली (म्हणजे मला उचलायला सांगितलं). कॅमेऱ्यात चालू टीव्हीवर काळा पट्टा फिरताना दिसतो, असं कॅमेरामन म्हणाला. "किती चित्रं घेता सेकंदाला? चोवीस? पंचवीस घ्या, थांबतो," काका म्हणाले. घेतली, थांबला. ते दृश्य नंतर सिनेमातून कापलं गेलं, पण काका म्हणतात, पट्टा थांबला होता हे महत्त्वाचं.

आता मुख्य गोष्ट. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. सभेत बिल्डरच्या माणसानं नकाशे दाखवले, भाड्याचा चेक, कॉर्पस, पार्किंग सगळं सांगितलं आणि शेवटी जाहीर केलं की प्रत्येक सभासदाला पंचावन्न इंची टीव्ही भेट. टाळ्या पडल्या. मागून मांडीवर थापा मारल्याचा आवाज आला नाही. काका उभे राहिले, डावा हात खिशात. म्हणाले, "त्याची सर्किट डायग्राम देणार का?" माणूस म्हणाला, ती कंपनी देत नाही, बिघडला तर नवा पॅनेल टाकतात. काका बसले. सही त्यांनी केली, अगदी शेवटची. काकूंना लिफ्ट हवी होती.

तीन वर्षांसाठी भाड्यानं घेतलेल्या घराच्या मालकानं तेवीस टीव्ही आत घ्यायला नकार दिला. म्हणून काका आता सेट देताहेत. विकत नाहीत, देताहेत, आणि घ्यायला आलेल्याची उलटतपासणी करताहेत. वर लोकरी टाका घातलेलं कव्हर घालणार का? त्यावर फुलदाणी ठेवणार का? फुलदाणीतलं पाणी किती सेटना मारून गेलं याची त्यांच्याकडे यादी आहे. पाहुणे आले की लावून 'आमचं बालपण' म्हणून दाखवणार का? असं म्हणणाऱ्याला सेट मिळत नाही. नऊ मार्गी लागले. माटुंग्याचा माझ्याकडे आला, हॉलमध्ये जागा नाही म्हणून शेजारच्या खोलीत. रविवारी संध्याकाळी मी त्यावर पट्टे लावतो, चौथीतला पोरगा येऊन शिटी वाजते का ते सांगून जातो.

चौदा उरलेत. जागा तीस जूनच्या आत रिकामी करून द्यायची आहे. कोणाकडे कोरडी खोली असेल, ओल न येणारी, उंदीर नसलेली, स्पीकरपासून लांब, तर मला कळवा. सेट चालू स्थितीत मिळेल, रंग लावून. न्यायला दोन माणसं आणा. काका मदतीला असतील, पण एका हातानं.